चार ओळींचा निरोप

पाठवण्याआधी पुनमने तो मेसेज तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तिला तो चोख वाटला.

‘धनसिंग गिरासे. आज सकाळी ९.२० वा. जिनिंगवर अपघात.
हाडांचा दवाखाना, साक्री रोड, धुळे, पहिला मजला.
घरच्यांनी ताबडतोब यावे. आधार कार्ड आणावे.
फोन करू नये. काही विचारायचे असल्यास इथेच लिहावे.’

चार ओळी. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. खरं तर तिने पाचवीही लिहिली होती, ‘घाबरू नका, तब्येत ठीक आहे’ अशी. पण डॉक्टर अजून आतच होते, आणि खात्री नाही ते लिहायचं नाही, हा नियम तिचा स्वतःचाच. तिने ती ओळ खोडली. मेसेज धनसिंगच्या बायकोला, रत्नाला, गेला. त्याआधी पुनमने तिला दोनदा फोन लावून पाहिला होता, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बाईचा फोन वावराच्या बांधावर, झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो. वाजतो, आणि चिमण्या ऐकतात.

पुनम मूळची असोद्याची. पुण्याच्या एका कंपनीत तीन वर्षं काढून ती धुळ्याजवळच्या या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंगच्या ऑफिसात लागली, तेव्हा इथला व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गावाची पाणवठ्याची जागा होती. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी ‘जेवण झालं का’, संध्याकाळी कुणाच्या नातवाचा वाढदिवस. आणि या सगळ्या गजरात ‘गाठींची गाडी सातला लागेल’ हा एक कामाचा मेसेज, लग्नाच्या मांडवात हरवलेल्या पोरासारखा. एकदा तर दत्तजयंतीच्या त्र्याहत्तर शुभेच्छांखाली तो असा दबला, की ट्रक चार तास गेटवर उभा राहिला. मालक भूषणशेठ म्हणाले, “ताई, याला काहीतरी शिस्त लावा.”

पुनमने शिस्त लावली. नऊ नियम छापून वजनकाट्याच्या काचेवर चिकटवले. नुसतं ‘राम राम’ पाठवून समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. मुद्दा पहिल्या ओळीत. चार ओळींत सगळं. बोललेलं रेकॉर्ड करून पाठवायचं नाही, लिहायचं. लिहून भागतं तिथे फोन करायचा नाही. खात्री नाही ते लिहायचं नाही.

वजनकाट्यावरचा प्रेमराज काच पुसता पुसता मोठ्याने वाचत होता. “ताई, उद्या माझ्या पोरीची पत्रिकाही चारच ओळींत छापतो. नवरा, नवरी, मांडव, आणि आहेर आणावा.”

“आहेर पहिल्या ओळीत घ्या, भाऊ. तोच मुद्दा आहे,” पुनम म्हणाली, आणि काट्यावरचे हमालसुद्धा हसले.

धनसिंग गाठी बांधायच्या प्रेसवर होता. चाळिशीचा, उंच, बोलायला मऊ. नियम लागले त्याच दिवशी त्याचा मेसेज आला होता : ‘मुद्दा : राम राम. ठिकाण : प्रेस. काय हवं : काही नाही.’ पुनम खुर्चीत एकटीच कितीतरी वेळ हसत राहिली होती. पण काम सुधारलं, हे खरंच. गाड्या वेळेवर निघू लागल्या. शेठ खूश. रोज सकाळी ग्रुप उघडला की अंगण सारवल्यासारखं स्वच्छ दिसायचं. पुनमला ते आवडायचं.

त्या सकाळी थप्पीवरची एक गाठ सरकली. पावणेदोनशे किलोचा दाबून बांधलेला कापूस. फुटलेला असतो तेव्हा फुंकरीने उडेल असा, आणि बांधला की दगड. ती धनसिंगच्या डाव्या पावलावर पडली.

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढून त्यांनी स्पष्टच सांगितलं. “पावलाचा पुढचा भाग गेल्यात जमा आहे. रक्तच पोचत नाही तिथे. आत्ता काढला तर टाच आणि घोटा वाचेल, बूट घालून माणूस चालेल. तीनच्या पुढे गेलं तर मला घोट्याच्या वर जावं लागेल. पण पेशंट सही देत नाहीये. तुम्ही समजवा.”

पुनम आत गेली. धनसिंगच्या कपाळावर घामाचे मणी होते, केसांत अजून कापसाची धूळ.

“धनसिंगभाऊ, सही करा ना. वेळ कमी आहे.”

“ताई,” तो म्हणाला, “वावरात बी टाकायचं तरी मी रत्नाले इचारस. पाय कसा देऊ तिला न इचारता? अर्धा तिचा शे.”

“त्या येतीलच.”

“मग येऊ द्या. आली की करतो.”

बस्स. दवाखान्यातल्या तिघांनी समजावलं, तरी त्याचं एकच. पुनमने फोन पाहिला. मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झालेल्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी वाचलेला. उत्तर नाही. ‘निघालो’ नाही, ‘काय झालं’ नाही, साधा अंगठासुद्धा नाही. तिने फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा लावला. या वेळी बंद.

“वाचून फोन बंद केला?” ती प्रेमराजला म्हणाली. ऑफिसची बोलेरो घेऊन धनसिंगला दवाखान्यात आणणारा तोच होता. “नवऱ्याचा अपघात झालाय, आणि फोन बंद? कशी माणसं असतात, भाऊ?”

प्रेमराजने किल्ली उचलली. “चला. आपणच जाऊन आणू. तीनच्या आत यायला जमेल.”

धनसिंगचं गाव चिंचखेडे, शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे. गाडी नाशिक-इंदूर रस्त्याला लागली. दोन्ही अंगांनी वावरं पांढरीशुभ्र फुटलेली, बाया वाकून वेचत होत्या. तापी ओलांडताना पुनमने पुन्हा फोन लावला. शिरपूरचा फाटा गेल्यावर आणखी एकदा. मग डोंगराची निळी रेघ जवळ आली आणि फोनमधली रेंज गेली. घड्याळात एक वाजून दहा.

गावाच्या अलीकडे एक ट्रॅक्टर पुढे चाललेला. ट्रॉलीत लाकडं. जाड, वाळलेली, बाभळीची. त्याच्या मागून पाच-सहा माणसं पायी, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, खांद्यावर उपरणं, कुणी कुणाशी बोलत नाही.

प्रेमराजने गाडीचा वेग कमी केला. हॉर्न वाजवायला गेलेला त्याचा हात परत आला.

“गावात कोणीतरी गेलंय,” तो हळू म्हणाला.

किराणा दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. पिठाची चक्की बंद. भर दुपारी गावात भांड्यांचा आवाज नाही, पोरांचा नाही, फक्त लांबून येणारा बायांचा तो एक आवाज, जो एकदा ऐकला की कुठल्याही गावात ओळखू येतो. पारावर एक म्हातारा बसला होता. पुनमने काच खाली केली.

“बाबा, धनसिंग गिरासेंचं घर कुठे? आणि गावात कोण वारलं?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू दोन प्रश्न एका दमात विचारणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली.

“धनसिंगच वारना, बेटा,” तो म्हणाला.

पुनमच्या हातातून फोन पायाशी पडला. तो उचलायचं तिला सुचलं नाही. दीड तासापूर्वी ती त्याच्याशी बोलली होती. अर्धा तिचा शे, म्हणाला होता. घामाचे मणी, केसांत कापूस. दीड तासात? पण दीड तास म्हणजे पुष्कळ. रक्त गेलं असेल. दवाखान्याने इकडे कळवलं असेल, आपल्याला रेंज नाही. तिने प्रेमराजकडे पाहिलं. तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता.

“कधी?” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कंपनीम्हाईन मेसेज उना ना सकाळे. कोनी पुनमताई शे तठे. तिना.”

ट्रॅक्टर त्यांच्या गाडीला वळसा घालून पुढे गेला. ट्रॉलीतून एक ढलपी रस्त्यावर पडली.

पुनमला वाटलं आपण ऐकतोय ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. मग वाक्य हळूहळू आत उतरलं, थंड पाण्याचा घोट छातीतून उतरावा तसं, कुठवर पोचलंय ते कळत. आपला मेसेज. आपल्या चार ओळी. त्या चार ओळींवर या गावाने लाकडं आणली.

“बाबा, मी असं लिहिलंच नाही!” ती ओरडली. “अपघात लिहिलंय. दवाखाना लिहिलंय. वारले कुठे लिहिलंय?”

म्हातारा उठून खिडकीशी आला. त्याचं नाव डोंगरसिंग, धनसिंगचा चुलता. “तू पुनमताई का?” त्याने विचारलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, तेच जास्त भयंकर होतं. “बेटा, वारना असं कोन लिखस? आजलोंग कोनी लिखं का? मना बाप गया तवय पोस्टकार्ड उनं व्हतं सुरतहून. वर श्री नही, राम राम नही, खाले आशीर्वाद नही. कोपरा फाडेल. लिखेल इतलंच, लगेच या. आम्ही ते वाचं बी नही. कोपरा देखा अन् रडाले बसनूत. तुन्हा कागदले कोपरा नही, पन बाकी बठ्ठं तेच शे. राम राम नही. लगेच या. आधार कार्ड आना. फोन करू नका. आते तूच सांग, जित्ता मानूसना घरले फोन करू नका असं कोन सांगस?”

पुनमच्या असोद्याच्या घरीही तसंच होतं की. आजोबा गेले तेव्हा मामाला ‘जरा सिरीयस आहेत, निघून या’ असंच सांगितलं होतं. तिनेच सांगितलं होतं, फोनवर, बारावीत असताना. मामा फोनवरच रडला होता. सिरीयस म्हणजे काय, ते त्याला न सांगता समजलं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. पुण्यातल्या तीन वर्षांत ते कधी झिजलं, ते मात्र तिला कळलं नाही.

“ते जिवंत आहेत,” ती म्हणाली. “बाबा, शपथ. पाय कापायचाय. सही हवीय. तीनच्या आत.”

डोंगरसिंगने मान हलवली, होकाराची नाही, समजुतीची. लहान पोरापुढे हलवावी तशी. “चाल घरले,” तो म्हणाला.

अंगण माणसांनी भरलेलं. पुरुष ओट्याच्या कडेने, गुडघ्यांत डोकी घालून. बाया आत, आणि मधोमध धनसिंगची आई प्रमिलाबाई, पांढरे केस सुटलेले, डोलत होती. तिचं रडणं रडणं नव्हतं, गाणं होतं. जात्यावर जन्मभर गायलेला तोच गळा, तीच चाल, फक्त जात्याऐवजी हात जमिनीवर फिरत होता.

“काया वावरम्हान धवळा कापूस फुटना व माय,
येचनारा मना राजा कोनी वाट धरी गया व माय…”

भिंतीला टेकून रत्ना बसली होती. ती रडत नव्हती. वेचणीचा ओटा, कापडाची झोळी, अजून तिच्या कमरेला बांधलेला, त्यात सकाळचा कापूस तसाच. पदर कपाळावर. हातातल्या हिरव्या बांगड्या ती एकेक करून मनगटावरून वर सारत होती आणि परत खाली आणत होती. तिच्या शेजारी बसलेली म्हातारी बाई त्या बांगड्यांकडे बघत होती. वाट बघत असल्यासारखी.

“रत्नाताई,” पुनम दारातूनच बोलली, “ते जिवंत आहेत! मी आत्ता बघून आलेय. चला, गाडी बाहेर आहे.”

गाणं थांबलं. क्षणभर सगळं घर तिच्याकडे वळलं. मग प्रमिलाबाईंच्या तोंडून एक लांब हुंदका निघाला, आणि बायांचा आवाज आधीपेक्षा मोठ्याने उसळला.

“असंच सांगतस बठ्ठा,” शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली. “मना भाऊ गया तवय बी गाडी लईसन उनथात. थोडं लागेल शे, चला. जाईसन देखं ते चादर व्हती.”

“नाही हो, खरंच! पावलाला लागलंय. डॉक्टर थांबलेत.”

“हां माय, हां,” दुसरी कुणी म्हणाली. “तुन्हं तोंड गोड शे. रत्ना, ऊठ. प्रेत ताब्यात लेवाले आधार कार्ड लागस म्हनतस. लई ले.”

धनसिंगचा आवाज ऐकवावा, तर रेंज फक्त वावरांत; गावात आल्यावर रत्नाचा फोनही म्हणूनच बंद लागत होता. पुनम प्रत्येक शब्द नवा शोधत होती आणि प्रत्येक शब्द त्यांना जुनाच ऐकू येत होता. डॉक्टर वाट बघतायत, म्हटलं की मान डोलायची. बोलले ते माझ्याशी, म्हटलं की हुंदका यायचा. तुम्ही आल्याशिवाय सही करत नाहीत, म्हटलं तेव्हा रत्नाने पहिल्यांदा डोळे मिटून घेतले. किती माया होती माणसाची, असं कुणीतरी पुटपुटलं. इथे आजवर प्रत्येक दयाळू माणसाने हेच खोटं सांगितलं होतं. त्यामुळे खरं सांगायला शब्दच उरले नव्हते.

प्रेमराज दाराशी आला. “ताई, दीड झाला,” एवढंच म्हणाला. एरवी टोमण्याशिवाय बोलायचा नाही. आज नुसती वेळ सांगितली.

पुनमची नजर घरभर फिरली. चूल थंड. सकाळची राख. कोपऱ्यात पाण्याचा माठ, त्यावर उपडा पेला, आणि घरात एवढी माणसं असून कुणीही त्याला हात लावलेला नाही. शिंक्याखाली दुरडी, तिच्यावर फडकं. सकाळी वावरात जाण्याआधी रत्नाने थापलेल्या भाकरी.

मयताच्या घरी पाणी पीत नाहीत. खात तर नाहीतच. बाहेर काढेपर्यंत चूल पेटत नाही, आणि आल्या पावण्याने घोटभर पाणी मागितलं तर तो पावणा राहत नाही. हे असोद्यालाही असंच आणि चिंचखेड्यालाही असंच. शत्रूसुद्धा मोडणार नाही एवढी ही गोष्ट जुनी.

तिने चपला दारात काढल्या. बायांच्या मधून वाट काढत ती माठाशी गेली, पेला सुलटा केला, भरला आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर सांडलं. मग दुरडीवरचं फडकं काढून तिने एक भाकरी उचलली. वरवंट्याशी मिरचीचा ठेचा उरलेला होता, तो बोटाने भाकरीवर ओढला आणि मधोमध, प्रमिलाबाईंच्या समोर, मांडी घालून बसली. पहिला घास तोंडात घातला.

घरातला आवाज कापल्यासारखा थांबला.

“आगं माय!” कुणीतरी किंचाळलं. “काय करी ऱ्हायनी हाई?”

“लाज शे का काही?”

“बाहेर काढा तिले!”

पुनम चावत होती. घास कोरडा होता, घशात अडकत होता, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं होतं की आधीचंच होतं, तिला ठाऊक नव्हतं. दुसरा घास. तिने वर पाहिलं नाही. एका बाईने तिच्या हातातली भाकरी हिसकली, अर्धी तिच्याकडे राहिली, तिने त्या अर्धीचा तुकडा मोडला. “प्रेमराजभाऊ,” ती भरल्या तोंडाने म्हणाली, “तुम्हीही या. जेवून निघू.”

प्रेमराज क्षणभर उंबऱ्यावर खिळला. पापभीरू माणूस, एकादशीला तोंडात सुपारी न घालणारा. मग त्याने चपला काढल्या, आला, तिच्या शेजारी बसला आणि तिच्या हातातला तुकडा घेऊन तोंडात घातला. त्याची मान खाली होती.

डोंगरसिंग दारात उभा राहून हे बघत होता. त्याचा जबडा सुटला होता.

“थांबा,” तो म्हणाला. मग मोठ्याने, “थांबा रे बठ्ठा! ही पोर खाई ऱ्हायनी.” तो पुढे आला. “मयताना घरनी भाकर कोन खास? कोनी खाईन का? ती खाई ऱ्हायनी, तो बी खाई ऱ्हायना…”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. पुरं करायची त्याला भीती वाटली.

रत्नाच्या हातातल्या बांगड्या थांबल्या. ती पुनमच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. जबडा हलतो कसा, घास गिळला जातो का, गळ्यातून खाली उतरतो का. सोनं पारखावं तसा एकेक घास ती पारखत होती. पुनमने गिळलं. रत्नाने तिच्याबरोबर आवंढा गिळला.

“काय बोलनात ते?” रत्नाने विचारलं. सकाळपासूनचा तिचा तो पहिला शब्द.

“म्हणाले, वावरात बी टाकायचं तरी रत्नाला विचारतो. पाय कसा देऊ. अर्धा तिचा आहे.”

रत्ना उठली. कमरेचा ओटा सुटला आणि सकाळचा सगळा कापूस जमिनीवर, बायांच्या मांड्यांवर, प्रमिलाबाईंच्या पायांवर पसरला. त्यावर पाय देत ती दाराकडे धावली. तिच्या मागे कुणाला काही कळायच्या आत प्रमिलाबाई उठली, सत्तरीची बाई, आणि अनवाणी गाडीत जाऊन बसली.

गाडी निघाली तेव्हा मागे तीन मोटरसायकली आणि एक जीप लागली. कुणाला घरी थांबवेना. टोप्या काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वाटेत प्रमिलाबाई मधेच पुनमचा हात आपल्या हातात घ्यायच्या, तिच्या बोटांना लागलेला ठेचा हुंगून बघायच्या आणि परत सोडून द्यायच्या. फाट्यावर रेंज आली. पुनमने दवाखान्यात फोन लावला आणि नर्सकरवी धनसिंगच्या कानाशी लावून घेतला. मग आपला फोन रत्नाच्या हातात दिला.

“रत्ना?” पलीकडून आवाज आला. थकलेला, पण त्याचाच. “उनी का तू? जेवनी का?”

रत्नाने फोन कानाला लावला होता तसाच राहिला. तीन तास आत दाबून धरलेलं आता निघालं, आणि ते रडणं ऐकून प्रेमराजने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्यालाच पुढचं दिसेना.

“काय व्हयनं? रत्ना! बोल ना, काय व्हयनं?” पलीकडे धनसिंग घाबरला होता.

“चालवा, भाऊ,” पुनम म्हणाली. “वेळ नाही.”

दोन वाजून बावन्न मिनिटांनी ते पहिल्या मजल्यावर पोचले. धनसिंगने आधी बायकोला पाहिलं, मग आईला, आणि मग दारात दाटलेल्या पंधरा-वीस टोप्या आणि खांद्यांवरची उपरणी. त्याचे डोळे मोठे झाले.

“बठ्ठं गाव कसाले उनं?”

डोंगरसिंगने घसा खाकरला. “धुळाले बजार व्हता आज,” तो म्हणाला. “म्हनं देखी जाऊ.”

“बजारले? उपरनं टाकीसन?”

कुणीतरी खिदळलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. प्रमिलाबाईंनी लेकाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कपाळ, डोळे, नाक, ओठ, हनुवटी, पुन्हा कपाळ. आंधळ्या बाईसारखं. तो काही विचारणार होता, पण ते हात थांबेपर्यंत त्याला बोलता आलं नाही.

डॉक्टर कागद घेऊन आत आले. “तुम्ही मिसेस का? ऐका. पावलाचा पुढचा भाग काढायचाय. बोटं सगळी जातील. टाच वाचेल. मी समजावून सांगतो, मग तुम्ही दोघं विचार…”

“कापा,” रत्ना म्हणाली.

डॉक्टरांचं वाक्य तिथेच राहिलं. धनसिंग तिच्याकडे बघतच राहिला. त्याला काय वाटलं होतं? ती रडेल, हट्ट धरेल, शिरपूरला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणेल, देवाला नवस बोलेल. तो दिवसभर मनात तिची समजूत घालत पडला होता.

“रत्ना,” त्याचा आवाज दुखावलेला होता. “जरासा इचार ते कर. पाय शे हाऊ, वांगं नही. पुरा ऐकी तरी ले.”

“कापा,” ती पुन्हा म्हणाली. “काय कापनं ते कापा.”

“इतलं पटकन?”

ती काय काय देऊन बसली होती सकाळपासून, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खोलीत सांगायची कुणाची हिंमत नव्हती. दारातल्या टोप्या एकेक करून डोक्यांवरून उतरल्या. पुनम भिंतीशी उभी होती. तिच्या पर्समध्ये फोन वाजत होता. शेठचा असावा, किंवा ग्रुपचा. तिने हात लावला नाही.

धनसिंगने कागदावर सही केली. अक्षर वाकडं आलं. त्याखाली रत्नाने केली.

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलू लागला तशी रत्ना पुढे झाली आणि तिने चादरीखालून त्याचा दुसरा पाय, उजवा, धरला. पाचही बोटं मुठीत घेऊन. स्ट्रेचर निघालं, तीही निघाली. ऑपरेशनच्या दारापाशी वॉर्डबॉय थांबला.

“बाई, सोडा आता.”

ती सोडेना.

“बाई, हा पाय नाही कापायचा. हा चांगला आहे.”

“माले म्हाईत शे,” रत्ना म्हणाली, आणि तरीही तिची मूठ सुटली नाही. शेवटी धनसिंगनेच, पडल्या पडल्या, उजव्या पायाचा अंगठा तिच्या तळहातात हलवला. एकदा, दोनदा. तेव्हा तिने दचकून खाली पाहिलं आणि हात उघडला.